येलदरीच्या पाण्यावरचं नागपूर

रेडिओ उघडायच्या आधी काशिनाथअप्पा माणसं बंद करायचे. जिंतूरच्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बिघडलेला सेट घेऊन आलं आणि 'असं होतंय, तसं होतंय' सांगायला लागलं, की अप्पा तोंडावर बोट ठेवत. "तुमी गप बसा. त्याला बोलू द्या." मग डोळे मिटून, सेटला कान लावून ते खरखर ऐकत बसत. पाच मिनिटांनी डोळे उघडून रोग सांगत. पेचकस त्यानंतर.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मात्र दुकानात नाही. येलदरी धरणाच्या काठावर पाहिलं, एक पाय फळीवर आणि एक पाय जमिनीवर अशा अवस्थेत. पोटाशी लाकडी पेटी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि चेहरा असा की जणू आम्ही त्यांना बुडवायलाच बोलावलं होतं. पाण्याची त्यांना फार भीती. "पाणी किती खोल हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अप्पा, मधोमध गेलं तर दोन ताडाचं." ते खाली उतरून बाभळीखाली जाऊन बसले. त्यांना परत फळीवर आणायला मला अर्धा तास लागला आणि तीन शपथा घ्याव्या लागल्या. तिन्ही खोट्या होत्या.

तेव्हा मी बी.ए.ला दोनदा आपटून, मानवतच्या एका सरकीवाल्या शेटजींच्या सहलीच्या बोटीवर कामाला होतो. तिकिटं फाडायची, बोट हाकायची आणि पाहुण्यांना खोटा इतिहास सांगायचा. एका साध्या टेकडीवर मी तीन लढाया लढवल्या होत्या. शेटजींना वाटलं, याच्या तोंडापेक्षा गाणी बरी. त्यांनी मोटारीतला स्टिरिओ आणून बोटीत ठोकला, रेडिओ असलेला, दोन्ही बाजूंना दोन स्पीकर. इंजिन बंद असलं की गाणं ऐकू यायचं. इंजिन सुरू झालं, की गाणारी बाई गिरणीत दळण घेऊन बसल्यासारखी वाटायची. म्हणून अप्पांना बोलावणं गेलं होतं.

अप्पांनी आधी मला गप केलं. मग इंजिनाला, बॅटरीला, स्पीकरला, सगळ्यांना कान लावले. डायनामोवर कंडेन्सर बसवला. स्टिरिओची तार इंजिनाच्या तारांतून सोडवून वेगळी थेट बॅटरीवर नेली. एरिअल इंजिनाशेजारी होतं ते उपटून पार पुढच्या टोकाला, वेळूच्या काठीवर चढवलं. शेवटी तांब्याचा एक पत्रा तारेला जोडून पाण्यात सोडला. "हे अर्थिंग," ते म्हणाले. "जमिनीवर खड्डा खांदा, मीठ घाला, कोळसा घाला, लय बखेडा. इथं निस्तं सोडून द्यायचं. पाणी सगळं पोटात घेतं."

गाणं स्वच्छ वाजायला लागलं. शेटजी तपासायला आले. एकदा डाव्या स्पीकरला कान लावला, एकदा उजव्या. म्हणाले, दोन्हीतून एकच आवाज येतोय, मग दोन कशाला घेतले? अप्पा शांतपणे म्हणाले, "शेटजी, आवाज एकाच जागेहून यायलाय. कान तुमचे दोन हाईत म्हणून स्पीकर दोन." शेटजींना ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.

काम संपलं होतं. पण पुढच्या गुरुवारी अप्पा पुन्हा एस.टी.तून उतरले. गुरुवारी बोट बंद असायची. म्हणाले, वायर बघायची राहिली. त्याच्या पुढच्या गुरुवारी एरिअल हलवायचं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी हलवलेलं एरिअल परत जागेवर आणायचं होतं. दरवेळी त्यांना तपासणी अगदी मधोमध, खोल पाण्यावर करायची असे. पाण्याला घाबरणारा हा माणूस दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे मिटून तिथवर यायचा. मग मी इंजिन बंद करायचं आणि त्यांनी काटा फिरवत फिरवत नागपूर केंद्र लावायचं.

दिवस कलायला लागला की तिथं नागपूर यायचं. जिंतूरच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या त्यांच्या खोलीत, ते कधीच येत नसे. पाण्यावर मात्र, आजूबाजूला ना तार ना मोटार, एक बाई श्रोत्यांची पत्रं वाचू लागे. अप्पा पुढे वाकून ऐकत. "हिचा 'स' कसा वाजायलाय बघ," ते म्हणत. "सेट तपासायला हीच बाई बरी."

पाच-सहा गुरुवार मी हे पाहिलं आणि माझ्यातला नट जागा झाला. हृदयावर हात ठेवून, बाईचा आवाज काढून मी म्हणालो, "श्रोतेहो, जिंतूरचे एक विधुर गृहस्थ आमच्या आवाजावर फिदा झाले आहेत. अप्पा, या वयात?"

अप्पा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. आवाज जरा वाढवला आणि म्हणाले, "नाटक्या, माझी पोरगी हाय ती."

मग कठडा धरूनच त्यांनी सगळं सांगितलं. नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या साली शोभानं कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा भीमनगरातला. अप्पांच्या दुकानासमोर त्यांच्या समाजाची माणसं जमली तेव्हा अप्पा पायरीवर येऊन म्हणाले, मला मुलगी नाही. रस्त्यापलीकडे, हातात पिशवी घेऊन, शोभा उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ती गेली. आठ वर्षांत त्या घरात तिचं नाव कुणी उच्चारलं नाही. मधल्या काळात अप्पांची बायकोही वारली. आता नाव घ्यायला घरात दुसरं माणूसच नव्हतं. एकदा परभणीहून सेट आणताना एका हॉटेलात नागपूर लागलेलं होतं आणि हातातला चहा थंड झाला, एवढंच त्यांनी त्याबद्दल सांगितलं.

मी म्हणालो, पत्र लिहा. त्यांनी मान हलवली. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. उर्दू मोत्यासारखी, पण मराठी अक्षरं एकेक जोडून वाचायची. लिहायचं तर विचारूच नका. दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी पेटीतून पोस्टकार्ड काढलं आणि मला लिहायला बसवलं. नाव तुझं टाक, म्हणाले. मजकूर असा होता: 'तुमचे केंद्र येलदरीच्या पाण्यावर स्वच्छ ऐकू येते. मागच्या गुरुवारी निवेदिका बाईंना दोनदा खोकला आला. ज्येष्ठमध तोंडात ठेवावे. थंडी आहे.'

आता मी काही साधा लेखनिक नव्हे. सरळ मजकूर पाहिला की माझे हात शिवशिवतात. खाली माझं नाव टाकायच्या जागी मी ठळक अक्षरांत लिहिलं: काशिनाथअप्पा, रेडिओ दुरुस्ती, जिंतूर. आणि चेहरा गंभीर ठेवून कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी जिंतूरला नेऊन स्वतः टपालपेटीत टाकलं.

पुढचा गुरुवार कोरा गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी, तीन-चार पत्रांनंतर, तिच्या तोंडून येलदरी हा शब्द आला. मी अप्पांचा दंड धरला. तिनं पत्र शांतपणे वाचलं. पाण्यावर ऐकू येतं ते वाचलं, खोकल्याचं वाचलं, ज्येष्ठमधाचं वाचलं. 'थंडी आहे' हेही वाचलं. मग थोडी थांबली आणि म्हणाली, "पत्राखाली नाव लिहिलेलं नाही. ज्यांनी कुणी लिहिलं, त्यांचे आभार." आणि गाणं लागलं.

आयुष्यात एकदाच केलेलं चांगलं नाटक असं अंगावर आलं होतं. अप्पांना ठाऊक नाही, एवढंच समाधान धरून मी इंजिनाच्या दोरीला हात घातला.

"राहू दे," ते म्हणाले. "नाव व्हतं त्यावर. तू लिवलेलं मी वाचलं. रात गेली वाचायला, पण वाचलं. मग टाकलं."

मी दोरी सोडली.

"मी आठ साल तिचं नाव घेतलं न्हाई," अप्पा म्हणाले. "तिनं एक बार माझं घेतलं न्हाई. अजून सात बार तिचा हक्क हाय. पेटीतलं दुसरं कार्ड काढ."

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आणखी चार पत्रं लिहवून घेतली. सगळ्यांखाली त्यांचं नाव मी त्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचो आणि ते बोटानं अक्षर अक्षर तपासायचे. तिनं प्रत्येक पत्र वाचलं. कधी 'एक श्रोते', कधी 'मराठवाड्यातील एक गृहस्थ'. अप्पा ऐकून मान डोलवत, जसं काही सेट बरोबर चाललाय. परतताना ते कठड्याला पाठ लावून बसत. मी बोलत नसे, ही त्या भागात बातमीच होती.

पाचव्या पत्रानंतर अप्पा आले नाहीत. दोन गुरुवार वाट पाहून मी जिंतूरला गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, झोपेतच गेले, सकाळी दूधवाल्याला कळलं. समाजानं आपल्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली होती. मुलीला कळवलं का, असं मी विचारलं. गिरणीवाला म्हणाला, "त्यांना कुठं मुलगी व्हती?"

धरणाचं पाणी तोवर पार आटलं होतं. बोट चिखलात कलंडून बसली होती, शेटजींनी तिचा नाद सोडला होता. तरी गुरुवारी मी त्या कलत्या बोटीत चढलो. बॅटरीत थोडा जीव होता. काटा फिरवला, नागपूर आलं. तिनं पत्रं वाचली. शेवटी म्हणाली, "जिंतूरचे काशिनाथअप्पा, रेडिओ दुरुस्तीवाले, यांचं पत्र बऱ्याच दिवसांत आलेलं नाही. त्यांनी प्रकृती कळवावी."

त्याच संध्याकाळी मी पोस्टकार्ड घेतलं. टेकडीवर लढाया उभ्या करणारा मी, चार ओळी लिहायला मध्यरात्रीपर्यंत बसलो. कधी गेले, कसे गेले, कुठे माती दिली, एवढं लिहिलं. मग लिहिलं: 'तुम्ही नाव घेतलंत. ते स्वच्छ ऐकू आलं. ऐकायला मी एकटा होतो.' आणि खाली, त्या पत्रव्यवहारात पहिल्यांदाच, माझं नाव घातलं.