फाउंडेशन गेलं!

इंजिनाखालचं एक रबर बदलायला घेतलं तर बायकोचं माहेर तुटू शकतं, असं गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात कुठेही छापलेलं नाही. मी नंतर पूर्ण पुस्तक वाचून पाहिलं.

मी मुळात रागीट माणूस नाही. (हे वाक्य मी घरात मोठ्यानं म्हटलं, तर माझी बायको सुषमा ओट्याला धरून हसली.) लोक चुकीचं वागतात आणि नेमका मी तिथे हजर असतो, एवढीच अडचण आहे.

सुषमाचा लहान भाऊ प्रमोद. आमच्या नागपुरातच, मिहानमध्ये नोकरीला. त्यानं मनीषनगरच्या पुढे प्लॉट घेतला आणि घराचा नकाशा काढून मोठ्या हौसेनं आम्हाला दाखवायला आणला. मी नकाशा उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि विचारलं, "काहून गा, हे घर हाये का गोदाम?" बस्स! साधा प्रश्न! पण प्रमोदनं नकाशाची गुंडाळी केली, चहा तसाच टाकला आणि निघून गेला. त्यानंतर सुषमाची राखी कुरिअरनं जायला लागली. एकदा गेली, दुसऱ्या वर्षीही गेली. दुसऱ्या वेळी ती कुरिअरच्या काउंटरवरच रडली. काउंटरमागच्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचाही राग आला.

शेवटी घर बांधून झालं आणि प्रमोदनं स्वतःहून फोन केला. "ताई, रविवारी वास्तू हाये. तू आल्याशिवाय मी कलश ठेवत नाही." सुषमा फोन ठेवून घरभर फिरली. कपाटं उघडली, बंद केली, आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे पाहा, मामाजी-आत्याबाईले सावनेरहून आपल्या गाडीनं आणायचं हाये. आन् त्या घराबद्दल तुमच्या तोंडातून एक शब्द निघाला ना, तर पाहून घ्या. मले एकच भाऊ हाये."

"मी कायले बोलतो?"

"दोन वर्षापासून तेच इचारून राहिली मी!"

(माझ्या सासू-सासऱ्यांना तीही कधीकधी माझ्यासारखंच मामाजी-आत्याबाई म्हणते. रागात असली की हमखास.)

दोन दिवसांनी आम्ही ते घर पाहूनही आलो; मी पार गच्चीपर्यंत चढलो, पण तोंडाचं कुलूप उघडलं नाही. आता अडचण होती गाडीची. गाडी चालू केली की अशी थरथरायची की आरशात मागच्या एका स्कूटरच्या दोन दिसायच्या. मामाजींच्या कमरेला पट्टा. त्यांना या गाडीतून सावनेर ते नागपूर आणलं असतं तर पूजेला त्यांच्याऐवजी पट्टाच बसवावा लागला असता. म्हणून मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाला हात लावला आणि म्हणाला, "फाउंडेशन गेलं साहेब."

इंजिन ज्या रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं ना, त्याला आपल्याकडचे मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. ते रबर सडलं की सगळं इंजिन लोखंडावर आदळतं. इथपर्यंत मला काही राग नव्हता. पण मग तो म्हणाला, "मंगळवारी आणा."

"मंगळवारी? वास्तू रविवारी हाये ना गा!"

"मग वास्तू मंगळवारी करा साहेब."

मी तिथून तरातरा निघालो, दुकानातून नवं फाउंडेशन विकत घेतलं आणि रात्री मोबाईलवर ते कसं बदलायचं याचा व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस शिट्टी वाजवत काम करून राहिला होता. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. (तो नागपूरचा नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं.)

शनिवारी सकाळी मी पोर्चमध्ये कामाला लागलो. मे महिना. पाना हातात धरायला फडकं लागत होतं. व्हिडिओवाला म्हणाला होता, इंजिनाखाली जॅक लावा, पण मधात लाकडाचा सपाट, मजबूत तुकडा ठेवा, नाही तर ऑइलचा चेंबर फुटेल. मी घरभर शोधलं. सपाट, मजबूत आणि लाकडाचं असं आमच्या घरात एकच होतं. मी पोळपाट उचलला.

पहिला बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघेना. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पान्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठे तो निघाला आणि मी तुळशीच्या कुंडीवर जाऊन पडलो. पण जुनं फाउंडेशन हातात आलं. रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. आणि गंमत म्हणजे कोणीतरी आधी ते बसवताना वरून काळा रंग मारून ठेवला होता, नव्यासारखं दिसावं म्हणून! माझं डोकं जे सटकलं!

तेवढ्यात शेजारचे ढोबळे काका भिंतीवरून डोकावले. काकांना ऐकू कमी येतं आणि उत्सुकता जास्त.

"काय झालं गा?"

"फाउंडेशन गेलं!"

"आँ?"

"फाउंडेशन!" मी बोंबललो. "पूर्ण सडलं! वरून रंग मारून चकाचक केलं, आत काहीच नाही! कोण्या भैताडानं बसवलं देव जाणे!"

"मग उद्याचं कसं?"

"तेच तर म्हणून राहिलो ना! उद्या मामाजी-आत्याबाईले यात बसवायचं म्हणजे जिवाशी खेळ हाये! सगळं हालून राहिलं!"

हे मी सगळं गाडीबद्दल बोललो. पण स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्येच उघडते. खिडकीत सुषमा पुरणपोळीची कणीक मळून राहिली होती, हात कणकेत म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि फोनवर प्रमोद होता. उद्या पूजेला आई-बाबांना पूर्वेकडे तोंड करून कुठे बसवायचं, याचं दोघांचं चाललं होतं. त्याच वेळी प्रमोदच्या कानात भाऊजींचा आवाज गेला, की फाउंडेशन सडलं, वरून रंग मारला, आणि मामाजी-आत्याबाईंना यात बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

फोन कट झाला. सुषमा कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

"झालं समाधान?"

"कायचं?"

"सांगितलं होतं ना घराबद्दल एक शब्द बोलू नका म्हणून? त्यानं सगळं ऐकलं! फोन ठेवून देल्ला त्यानं!"

"मी घराबद्दल बोललोच नाई!"

"फाउंडेशन गेलं म्हणून कोण वरडून राहिलं होतं मंग?"

"ते गाडीचं फाउंडेशन!"

"गाडीले फाउंडेशन असते? मले येडी समजून राहिले काय तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. "मोठ्या मुश्किलीनं ताई म्हणून हाक मारली होती त्यानं. तुमच्या तोंडापायी माहं माहेर गेलं!"

मी जुनं फाउंडेशन दाखवायला खाली वाकलो. तीही वाकली, आणि तिला जॅकवरचा पोळपाट दिसला.

पुढची काही वाक्यं इथे लिहिता येणार नाहीत. ढोबळे काकांनासुद्धा ती स्पष्ट ऐकू आली. तिनं प्रमोदला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. ती पायरीवर बसून पदरानं डोळे पुसायला लागली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मला राग येतो. म्हणून मी तणतणत बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि नवं फाउंडेशन बसवायला घेतलं.

ते बसेना! बोल्टाचं भोक एवढंसं सरकलेलं, नखाएवढं. व्हिडिओवाल्याचं बरोबर समोरासमोर आलं होतं. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, इंजिनाखाली घातली, सगळं अंग टाकून इंजिन रेटलं आणि दुसऱ्या हातानं बोल्ट भोकात टेकवला. आता सब्बल सोडली तर इंजिन परत येणार आणि मधात माझी बोटं. माझा वरचा भाग बॉनेटच्या आत अडकला आणि खालचा भाग फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. नेमकी तेव्हाच फाटकापाशी मोटरसायकल थांबली.

"भाऊजी!" प्रमोदचा आवाज. "इकडे पाहा!"

"पाहू शकत नाई!"

"आता कायले तोंड दाखवसान! पाहा, मी ठेकेदारालेच घेऊन आलो. बोला त्याच्यासमोर! कोणाचं फाउंडेशन गेलं?"

"गेलं म्हणजे गेलं!" मी आतून गरजलो. "हातानं हालवून पाहा!"

"हातानं?" हा ठेकेदाराचा आवाज. त्याचा जीव दुखावला होता. "साहेब, काळी माती हाये म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदलं मी. माहं फाउंडेशन हातानं हालते?"

"तुमचं कोण म्हणते? रबर फाटलं त्यातलं!"

"रबर? मी फाउंडेशनमधी रबर टाकलं म्हणता? लोखंड टाकलं, लोखंड!"

"लोखंडावर लोखंड घासते म्हणूनच तर आवाज येते!"

"आवाज येते?" प्रमोद घाबरला. "ठेकेदार, आवाज येते म्हणून राहिले ते!"

"अरे भैताडहो!" माझी बोटं आता सुन्न झाली होती. "माह्या पायापाशी पाहा!"

"पायाच पाहाले बोलावलं त्यानं मले!" ठेकेदार ओरडला. "चला घरी, उकरून दाखवतो!"

"माह्या! माह्या सोताच्या पायापाशी! खाली!" असं म्हणून मी एका पायावर उभा राहिलो आणि दुसऱ्या पायानं ते जुनं फाउंडेशन मागे लाथाडलं. ते घरंगळत ठेकेदाराच्या चपलेवर जाऊन आदळलं. तो "आई गं" म्हणाला, मग त्यानं ते उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं म्हणे.

"हे तर इंजिनचं फाउंडेशन हाये," तो म्हणाला. "माह्या मिक्सर मशीनले बी हेच असते."

"गाडीले खरंच फाउंडेशन असते?" सुषमानं पायरीवरून विचारलं.

"असते ना वैनी. गेलं की सगळं थरथरते."

मग काय! सुषमा रडता रडता हसायला लागली, प्रमोदनं तिला जवळ घेतलं, "ताई, मले वाटलं..." म्हणून त्याचेही डोळे भरले, आणि ढोबळे काका भिंतीवरून "काय झालं? काय झालं?" विचारून राहिले. फार सुंदर दृश्य होतं, असं म्हणतात. मला काही दिसलं नाही, कारण मी बॉनेटमध्ये होतो.

"कोणी सब्बल धरता का आता?" मी ओरडलो.

ठेकेदारानं सब्बल धरली, एक हिसका दिला आणि बोल्ट सरळ आत गेला. प्रमोदनं नट आवळले. गाडी चालू केली, तर चालू झालेलीच कळली नाही. मी टपावर पाणी भरलेला पेला ठेवून दाखवला. पाणी हललं नाही. सुषमानं पोळपाट गरम पाण्यानं दोनदा धुतला, वास घेऊन पाहिला आणि ढोबळे काकूंचा पोळपाट मागून आणला. चहा झाला. दोन वर्षांनी प्रमोदनं आमच्या घरचा चहा पूर्ण संपवला.

इथे मी उठून अंघोळीला जायला पाहिजे होतं. माझ्या अंगभर ग्रीस होतं, कारण होतं, संधी होती. पण प्रमोद माझ्याजवळ सरकला. 

"भाऊजी, मी उगीच गरम झालो जी. आता मनात काही ठेवू नका. त्या दिवशी घर पाहून गेले तुम्ही, पण काहीच बोलले नाई. खरं खरं सांगा, कसं वाटलं?"

सुषमानं त्याच्या मागून माझ्याकडे पाहिलं. डोळे असे की काचेला तडा जावा. मी म्हणालो, "छान हाये. एक नंबर घर हाये."

"नाई, खरं सांगा."

"खरंच चांगलं हाये."

"तुमाले माही शपथ भाऊजी."

आता शपथ घातल्यावर माणसानं काय करायचं? मी म्हणालो, "सगळं चांगलं हाये गा, फक्त तो जिना तेवढा... पायऱ्या माणसासाठी केल्या का बकऱ्यासाठी? एवढ्या उंच? कोण्या भैताडानं काढला तो?"

ठेकेदारानं कप खाली ठेवला आणि आभाळाकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की घराचा सगळा नकाशा इंजिनिअरचा होता. जिना तेवढा प्रमोदनं स्वतः काढला होता.

प्रमोद उठला, सुषमाला म्हणाला, "ताई, तू सकाळी लवकर ये. तुह्याशिवाय कलश ठेवत नाई," आणि गेला. सुषमानं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की माझीही सुटका झाली असं मला वाटलं.

रविवारी ती स्वतः गाडी चालवत सावनेरला गेली आणि मामाजी-आत्याबाईंना घेऊन आली. मामाजी रस्ताभर झोपले होते म्हणे. कलश सुषमाच्या हातानं ठेवला गेला. प्रमोदनं तिला सगळ्यांसमोर पाटावर बसवून साडी दिली, आणि ती माझ्याकडे पाहून इतक्या दिवसांनी मनापासून हसली. मी सिटी बसनं आलो होतो, तरी मला बरं वाटलं.

मग प्रमोद माझ्याजवळ आला. हात जोडून, मान खाली घालून, जावयाशी बोलावं तसं अदबीनं बोलला, "भाऊजी, पंगत गच्चीवर हाये. मठ्ठ्याची बादली तेवढी तुमच्याकडे. स्वयंपाक खाली हाये."

पंगती उठत होत्या, बसत होत्या. ऊन माथ्यावर. मी बादली घेऊन वर जात होतो, रिकामी घेऊन खाली येत होतो. सगळ्या सावनेरला त्या दिवशी मठ्ठाच पाहिजे होता. मधल्या वळणावर प्रमोद पाहुण्यांना घेऊन उभा. दर वेळी मी दिसलो की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "काय भाऊजी, जिना कसा हाये?"

पहिल्या खेपेला मी दात-ओठ खाऊन त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला म्हणालो, "ठीक हाये." आपण तोंडावर स्पष्ट बोलणारा माणूस, याचा मला फार अभिमान. पण तिसऱ्या खेपेला भरलेली बादली घेऊन मी अर्ध्या जिन्यात पोचलो, तेव्हा प्रमोदनं तोंड उघडायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! जिना असावा तर असा!"