ऊनसरांचा खान्देशी मेंदू

ऊनसर वर्गात आले की आधी पंखा बंद करत. तेही एप्रिलात, धुळ्यात! आम्ही मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचो. पण आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र इतका जीव ओतून शिकवणारा दुसरा कुणी नव्हता, हेही खरं.

मेंदूतल्या मज्जापेशी हा त्यांचा लाडका विषय. ‘पेशीला एकदम भट्टीत टाकलं तर ती मरते. आधी सोसवेल एवढी ऊब द्या, ती स्वतःच रक्षक प्रथिनं तयार करते आणि पुढचा तडाखा झेलते,’ असं सांगून ते छाती ठोकत, ‘मना मेंदू खान्देशी शे! त्याले ऊन काय करस?’ आणि लगेच बजावत, ‘उन्हात माणूस भलतंच बोलायला लागला, की ऊन मेंदूत शिरलं समजा. लाजू नका, बादली ओता.’

निवृत्तीनंतर सर पुण्याला लेकीकडे राहायला गेले. जळगावजवळ असोद्याला, आमच्या गावी, माझ्या भावाचं लग्न होतं, मे महिन्यात. उन्हाळा लागल्यापासून एसीत राहिलेले सर भर दुपारी मांडवात हजर! ‘सर, घरात कूलरपाशी बसा,’ म्हटलं तर खेकसलेच, ‘मी काय पुणेकर झालो?’ आबांनी, माझ्या वडिलांनी, त्यांना मानाचा फेटा बांधला. लग्न लागेपर्यंत तो उतरवायचा नसतो, आणि आमच्याकडचं मानपान काही संपता संपत नाही.

मी पाणी घेऊन गेले, तर सर म्हणाले, ‘बाई, धुळ्याची गाडी लागली का?’ मला नेहमी ‘पोरी’ म्हणणारा माणूस! हात लावला तर अंग तव्यासारखं. मी फेटा ओढून काढला. ‘काय करू राह्यली वं? मानाचा फेटा हाये तो!’ आबा ओरडले. ओरडू देत! पिंपातून बादली भरली आणि भरल्या मांडवात सरांच्या डोक्यावर ओतली. मग ओल्या चादरीत गुंडाळून, वारा घालत जळगावच्या दवाखान्यात नेलं.

सर वाचले, पण चालताना भेलकांडायचे, बोलताना अडखळायचे. तोल सांभाळणाऱ्या पेशी उष्णतेला फार हळव्या असतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

पुण्याला भेटायला गेले तेव्हा कप दोन्ही हातांनी धरूनही त्यांचा चहा सांडला. मला रडू फुटलं. ‘रडू नको, पोरी,’ ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. ‘उन्हापासून लांब राहिलं की उन्हाची सवय मोडते. हे शिकवायचं राहिलंच बघ. तू शिकव. उदाहरण मनंच दे, पोरेस्ना ध्यानमा राही.’

सर गेले त्याला वर्ष झालं. मी जळगावला त्यांचाच विषय शिकवते. मज्जापेशींचा धडा आला की सरांचं उदाहरण देते. पंखा चालूच ठेवते, आणि दर वेळी मध्येच थांबून पाणी प्यावं लागतं.