फ्री-फॉर-ऑल, अर्थात आमच्या सोसायटीचे खेळ

२६ जानेवारी. सकाळी गार वारा, दहानंतर ऊन चढलं.

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत दरवर्षी झेंडावंदनानंतर खेळ होतात आणि प्रत्येक खेळामागे एक किस्सा उरतो. मी लिहून ठेवतो, नाहीतर नव्या किश्श्याखाली जुना दबून जातो.

आमचे सेक्रेटरी नाईकसाहेब. माइकवर त्यांचा आवडता शब्द 'फ्री-फॉर-ऑल'. म्हणजे ना टीम, ना नियम. ज्याला जसं जमेल तसं त्याने जिंकावं. साहेब हा शब्द खेळाच्या सुरुवातीला वापरत नाहीत. सगळं हाताबाहेर गेलं, की मग जाहीर करतात!

*

मी तो पहिल्यांदा ऐकला लिंबू-चमच्याच्या वेळी. बी विंगमधल्या कदमांचं लिंबू पडलं. त्यांनी चमचा तोंडात तसाच ठेवून लिंबू पायाने ढकलत शेवटपर्यंत नेलं. कोणीतरी हरकत घेतली, तर कदम म्हणाले,

"चमचा पोचला, लिंबू पोचलं. अजून काय पायजे?"

हे ऐकून बाकीच्यांनीही आपापली लिंबं खाली टाकली. नाईकसाहेबांनी माइक उचलला.

*

रस्सीखेचीत ए विंगने दोराचं टोक गुपचूप पार्किंगच्या खांबाला गुंडाळलं. बी विंग घामाघूम! मग दिसलं, की समोरचे अर्धे लोक चहा पितायत. बी विंगचे लोक दोर सोडायला निघाले, तर कदमांनी अडवलं.

"खांब येऊ दे, पण खेचायचंच."

*

यंदाची संगीत खुर्ची. शिंदेकाकू दरवर्षी शेवटच्या दोघींत येतात आणि हरतात. आता गुडघा बदललाय. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून बजावलंय. मुलगा नाव देऊ नको म्हणाला. काकूंनी दिलं आणि पहिला नंबर घेऊनच वर येईन, असं त्याला सांगून खाली आल्या.

आमच्याकडे खुर्च्या घरोघरच्या असतात. गाणं लावणारे नाईकसाहेब पक्षपात नको म्हणून खेळाकडे पाठ करून बसतात.

शेवटी काकू आणि पाटीलवहिनी उरल्या. खुर्ची एकच, पाटलांच्या घरची. गाणं सुरू असताना वहिनींच्या सासूबाई खाली आल्या, पाहुणे आलेत म्हणाल्या आणि खुर्ची घेऊन गेल्या. साहेबांना पत्ताच नाही. दोघी मोकळ्या जागेभोवती फिरत राहिल्या.

गाणं थांबलं. वहिनी थबकल्या. काकू खाली फरशीवर बसल्या.

"काकू, अहो, खुर्ची कुठाय? हे फ्री-फॉर-ऑल झालं!"

"झालं असेल. मी बसले. तू उभी आहेस."

निकाल: शिंदेकाकू पहिल्या, पाटीलवहिनी दुसऱ्या. काकूंना उठवायला चार जण लागले.