फरशीतला मासा

मंगळवारी माझी पत्नी वारली.

साक्रीजवळच्या शाळेत ती पहिलीला शिकवायची. दगडांच्या तुकड्यांचं रोमन चित्र दाखवीन, असं तिनं मुलांना सांगितलं होतं. महिन्याभराने ते चित्र असलेलं तिचं पुस्तक घेऊन मीच गेलो. शाळेच्या ओट्यावर एक म्हातारा फरशी बसवत होता. चित्रातला मासा पाहून त्याने थापी ठेवली, हात पुसले.

"कितला वरीसना शे?"

"दोन हजार, आबा."

फरशी पोकळ तर नाही ना, हे ठोकून ऐकतात, तसं त्याने चित्रावर बोट वाजवलं.

"करनारा मरी गया का?" एका मुलीने विचारलं.

"गया. पन काम पोकय नही."

मग ओल्या सिमेंटमध्ये त्याने मुलांच्या हातून फुटक्या फरश्यांचा मासा बसवून घेतला.

तो मासा ओट्यावर आहे. मी अजून ठोकून पाहतो. पोकळ वाजत नाही.