राणीच्या छातीवरचा भोवरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतो, पण मऊ शब्दांत नाही — मला माझाच संताप येतो, आणि तो या वयातही निवत नाही.

निर्मळला आमच्या वाडीत सुलतान होता, पैदाशीचा घोडा. वसईचे टांगेवाले आपल्या घोड्या त्याच्याकडे लावायला आणत. एकदा हव्यासापोटी मी सुलतानला त्याच्याच लेकीवर सोडलं. शिंगरू जन्मलं तेच मान हलवत. आईचं थान त्याला सापडेना. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दोष सुलतानच्या रक्तात आहे, लेकींत लपून राहतो, बाप-लेकीची जोडी पुन्हा लावू नका. शिंगरू मेलं. मी गप्प बसलो.

मग बस्त्याव टांगेवाला त्याची राणी घेऊन आला. बाजारातून घेतलेली घोडी. मी बघताच ओळखली — तिची गाभण आई मीच विकली होती. राणी सुलतानचीच लेक. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि सुलतानचं नाव गेलं असतं. काय केलं मी? दोर धरून उभा राहिलो आणि सुलतानला तिच्यावर जाऊ दिलं.

राणी व्याली. "तात्या, पोर हाय का पंखा? मान थांबतच नाय," बस्त्याव म्हणाला. तेव्हा टांगा स्टँडवर, सगळ्यांदेखत, मी राणीच्या छातीवरच्या केसांच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. अशुभ भोवरा. घोडीच खोटी. माझा शब्द कोण खोडणार?

"आमच्या किरिस्तावांत असलं मानत नाय," तो म्हणाला, "पन गिऱ्हाईक मानतं ना."

मानलंच. बाजाराला जाणाऱ्या बायकाही त्याच्या टांग्यात बसेनात. शिंगरू गेलं. राणी वालीवला लोखंड ओढायला विकली गेली, तिथेच पाय मोडून मेली. बस्त्याव कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसला.

लोक म्हणतात, रिक्षांनी टांगे बुडवले. बस्त्यावचा टांगा मी बुडवला. आणि सुलतानकडे घोड्या येतच राहिल्या, मी घेतच राहिलो — अजून किती तबेल्यांत माना हलल्या असतील?

पण याहून नीच गोष्ट राहिलीच. राणी विकल्यावर बस्त्याव वाडीत आला होता, टोपी हातात घेऊन. "तात्या, माझ्या घोडीपायी तुमच्या सुलतानला बोल लागला. माफ करा."

मी खाटेवरून उठलोही नाही. म्हणालो, "जाऊ दे, बस्त्याव. केलं माफ."