भिंतीपलीकडची मोटार

वायरीलाही आवाज असतो असं मला सांगणारे पहिले आणि शेवटचे गृहस्थ म्हणजे आमचे भीमानाना. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तेव्हा गंगापूर रोडला बंगले कमी आणि मळे जास्त होते. त्यातल्याच एका मळ्यात आमची शेवंती, गुलाब आणि ॲस्टर. नाना पहाटे फुलांच्या पाट्या लूनाला बांधून फुलबाजारात जायचे, उन्हं वर आली की परतायचे आणि मग दिवसभर खुरपणी, फवारणी. पण संध्याकाळी हातपाय धुतले की हा माणूस वेगळाच व्हायचा.

सातपूरच्या एका कारखान्यातले साहेब बदली होऊन चालले होते. नाना त्यांच्या बंगल्यावर गुलाबाची कलमं बांधायला जायचे. जाताना साहेबांनी आपला जुना स्टिरिओ नानांना दिला. नवसाबाईकाकूच्या मते गळ्यात मारला. एक अँप्लिफायर, एक कॅसेट डेक आणि धान्याच्या कोठीएवढे दोन स्पीकर. ही चौऱ्याण्णवची गोष्ट. डेकमधला आवाज अँपमध्ये नेणारी जी लाल-पांढऱ्या पिनांची वायर असते, ती पहिल्याच महिन्यात उंदरानं कुरतडली. नानांनी एम. जी. रोडवरून दुसरी आणली, लावली, आणि कान टवकारून म्हणाले, "आवाज बदलला."

झालं. तिथून जे वेड लागलं ते लागलं. बारीक वायर, जाड वायर, कुणी मुंबईला निघालं की लॅमिंग्टन रोडवरची वायर. खुंटीवर वायरींचा झुबका लोंबायला लागला. "ह्या घरात दावी कमी न् वायरी जास्त," काकू म्हणायची. फवारणीनं हिरवे झालेले हात साबणानं तीन-तीनदा धुऊन नाना कापसाच्या बोळ्यानं पिना पुसत बसायचे. सख्ख्या लेकराचे कान कुणी इतक्या मायेनं पुसत नाही.

पण कुठली वायर चांगली, याचा निकाल ते स्वतः देत नसत. निकाल द्यायचे माझे वडील. मोतीराम त्यांचं नाव. नाना त्यांना दादा म्हणायचे म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. दादांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मळ्याला पाणी भरायचं काम त्यांच्याकडं, आणि पाटाचं पाणी कुठल्या वाफ्यात फुटलं हे ते बांधावर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे. नाना त्यांना बाजेवर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि मागं जाऊन एकामागून एक वायरी बदलायचे. तीच बासरीची कॅसेट, तोच तुकडा.

"पहिलीत तबल्यावाला घरात बसलाय," दादा डोळे न उघडता सांगायचे. "दुसरीत त्याला उंबऱ्यापाशी बसवलाय तू."

"न् ही तिसरी?"

"हिच्यात बासरीवाल्याला पडसं झालंय."

आम्ही पोरं हसून लोळायचो. नाना हसायचे नाहीत, ती वायर काढून ठेवायचे. एकदा मोठ्या हौसेनं मागवलेली बोटाएवढी जाड वायर त्यांनी लावली आणि दादा म्हणाले, "जुनी न् ही, दोन्ही सारख्याच." नानांचा चेहरा पडला. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी वायर परत पाठवली. "दादा म्हणला म्हंजी झालं," एवढंच म्हणाले. माझ्या बापाच्या शब्दाला एवढी किंमत मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही.

नव्याण्णवला वाटणी झाली. भांडण नव्हतं. दोघांचे संसार वाढले होते, रस्त्याकडचा तुकडा विकला होता, आणि दादांनी शेजारीच नवं घर बांधलं. मधे भिंत आली. मळाही दोन झाला. दादांनी आपल्या वाट्याला बोअर घेऊन पाण्यात बुडवायची मोटार टाकली. नानांनी जुनं घर नीट केलं. काकूला फरशीची न्हाणी करून दिली, तिचं पाणी सरळ बाहेरच्या गटारात सोडलं. तोवर सगळ्या घरादाराचं धुणं परसातल्या दगडावर व्हायचं. आता तो दगड रिकामा पडला. त्याच्याकडं कोण बघतो!

पुढच्या उन्हाळ्यात नानांच्या स्टिरिओत घुरघुर सुरू झाली. बासरी थांबली की मागं एकसारखं घुर्रर्र. नानांनी अर्थातच वायर बदलली. मग दुसरी लावली, मग तिसरी. पिना घासल्या, डेक लांब ठेवला, टीव्हीचं बटण बंद केलं. घुरघुर जागच्या जागी. अँपच्या पत्र्यावर बोट टेकवलं की ती कमी व्हायची आणि उचललं की पुन्हा. उत्तर त्या बोटापाशीच होतं. पण आमचे नाना, त्यांनी काय करावं? ते बोट टेकवून गाणं ऐकायला लागले.

पावसाळा आला तशी घुरघुर गेली. दिवाळीनंतर हळूहळू परतली आणि उन्हाळ्यात पुन्हा जोरात. नानांनी हिशेब मांडला: पावसाळ्यात दादाची मोटार बंद, घुरघुर बंद. उन्हाळ्यात मोटार चालू, घुरघुर चालू. दोघांची वीज एकाच खांबावरून आलेली. म्हणजे दादाच्या मोटारीची घाण आपल्या लायनीत येते. ऐकणाऱ्याला पटावं असंच होतं ते. मलासुद्धा पटलं होतं.

एका संध्याकाळी त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या जिन्यात बसून अभ्यास करत होते, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं. नाना त्यांच्या खिडकीतून ओरडले, "दादा, मोटार बंद कर जरा!"

दादा मोटारीच्या फ्यूजपेटीपाशी गेले. "केली!"

नानांनी कान दिला. घुर्रर्र.

"नाय केली अजून!"

"केली रं बाबा!"

बुडीत मोटार ती, तिचा आवाज वर येत नाही. चालू की बंद, हे भिंतीपलीकडून कळायची सोय नव्हती. कळणार फक्त दादांच्या शब्दावरून. नाना तरातरा बाहेर आले, भिंतीपाशी उभे राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "मला येडा समजतो का? वाटणी झाल्यापासून तुझ्या तोंडात खरं ऱ्हायलंच नाय!"

दादांच्या हातात पेटीतला फ्यूज होता. नुसतं बटण दाबून भागणार नाही, भीमाला शंका नको, म्हणून त्यांनी फ्यूजच उपसला होता. तो त्यांनी भिंतीवर ठेवला आणि आत निघून गेले.

नानांनी फ्यूज पाहिला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा चढला की त्याला उतरायची वाट सापडत नाही. "आत्ता काढून आणला आसंल," असं पुटपुटत ते घरात गेले. मला त्यांचा इतका राग आला होता, की तो फ्यूज उचलून त्यांच्या स्पीकरवर फेकावासा वाटला.

त्यानंतर दादा त्या घरात गेले नाहीत. लग्नकार्यात दोघं एका पंगतीत बसायचे, बी-बियाणाचं बोलायचे. पण बाजेवर बसून डोळे मिटणं संपलं. नाना वायरी आणत राहिले, एकटेच बदलत राहिले, आणि कुठली चांगली हे त्यांना ठरवता येईना. माझं लग्न होऊन मी लासलगावला गेले. माहेरी आले की भिंतीपलीकडून त्याच बासरीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू यायचा. दादा ओसरीत बसून असायचे. ऐकत असतील, पण एका शब्दानं बोलायचे नाहीत.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात नानांनी आणखी एक वायर आणली, आणि काय आश्चर्य, आठ-पंधरा दिवसांत घुरघुर नाहीशी! नाना भेटेल त्याला त्या वायरीचे गुण सांगत सुटले. फुलबाजारात हार विकणाऱ्या लंकाबाईलासुद्धा सोडलं नाही. मग पुढच्या महिन्यात तीच वायर, तोच अँप, आणि घुरघुर हजर.

या खेपेला मात्र ते गप्प बसून विचार करायला लागले. मधल्या दिवसांत वेगळं काय होतं? काकूला विचारलं. ती म्हणाली, "वेगळं काय आसनार? न्हाणी तुंबली व्हती, तर मी धुनं परसात घेतलं. आता गटार मोकळं झालं, आत धुते."

नाना परसात गेले. त्या दगडाच्या बुडाशी तांब्याची एक जाड तार जमिनीत शिरलेली होती. घरात पहिल्यांदा वीज आली तेव्हा वायरमननं मीठ-कोळसा भरून केलेला अर्थिंगचा खड्डा तो. पूर्वी घरभराच्या धुण्याचं पाणी त्याच्यावर पडायचं, पावसाळ्यात पाऊस पडायचा, तेवढं त्याला पुरत होतं. उन्हाळ्यात कोरडा पडला की अँपची जमिनीशी गाठ सुटायची आणि तो घुरघुरायचा; नानांचं बोट तेवढ्यापुरती तीच गाठ बांधत होतं. ज्या माणसानं जन्मभर मुळांना पाणी घातलं, त्याला हे कळू नये! नानांनी दोन बादल्या ओतल्या, आत जाऊन अँप लावला. बासरी थांबली की शांतता. काकू सांगते, ते गाणं ऐकायला बसलेच नाहीत. कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसून राहिले.

दादांकडं यायला त्यांना दिवाळी उजाडली. मी भाऊबीजेला आले होते. दादा ओसरीत झेंडू निवडत होते. नाना फाटकातून आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "दादा, मोटार नव्हती. तू खरं सांगत व्हता. मी चुकलो."

"बरं," दादा म्हणाले.

"पाच वर्सं झाली रं दादा."

"व्हय." दादांनी झेंडूची पाटी बाजूला सारली. "बस, च्या घे."

"च्या नको. तू चल. ऐकायला चल."

दादांनी टोपी घातली. मी त्यांच्या मागोमाग गेले. पूर्वी ते त्या घरात चपला कुठंही भिरकावून शिरायचे. त्या दिवशी दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. नानांनी बाज दाखवली तरी ते खुर्चीत बसले. काकूनं कपबशीत चहा दिला, तो त्यांनी "झ्याक झालाय" म्हणून घेतला. एरवी गोडाला कमी असला तर तोंडावर सांगणारा माणूस.

नानांनी कॅसेट लावली. पहिली वायर.

"छान हाय," दादा म्हणाले.

दुसरी वायर, साधीच. मलासुद्धा आवाज मिळमिळीत वाटला.

"ही बी छान हाय."

नाना अँपच्या मागं वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मग पुन्हा बासरी सुरू झाली. मी बाजूला उभी होते, मला दिसलं: त्यांनी पांढरी पिन उपसून हातात धरली होती. डावा स्पीकर मुका. सगळा आवाज उजवीकडच्या कोपऱ्यातून येत होता, बहिऱ्यालाही कळावा असा. नाना दादांच्या तोंडाकडं बघत होते. इतकं आर्जव मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"छान हाय भीमा," दादा म्हणाले. "लय छान." आणि टोपी सारखी करून उठले.

दादांचं वय झालं, ऐकू येत नसेल, असं मी स्वतःला समजावत घरी आले. पायऱ्या चढता चढता दादा हळूच म्हणाले, "त्याचा डावा डबा बंद हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"नको," दादा म्हणाले. "परत म्हणंल, खोटं बोलतो."

नानांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पिन त्यांच्याच हातात होती.