उन्हात ओढलेली बाज

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना कोणी गेमला, कॉम्प्युटरला किंवा माझ्या मुलीला दोष देणार नाही. खेळातल्या एका माणसाला मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं नाव दिलं, त्याचा चेहरा दिला... आणि मग त्याचं रक्त प्यायलो. खेळातच. पण मुद्दाम.

मी कोराडीला वीज केंद्रात नोकरीला आहे. सारी नोकरी मीटरचे काटे बघण्यात गेली. काटा हलला तर त्याला कारण असतं, आज नाही सापडलं तर उद्या सापडतं — माझा स्वभावच तसा झाला आहे. अंगात येणं, बाहेरची बाधा यावर मी घरात खूप हसलो आहे. तुमच्या या सदरात छापून येणारे अनुभवही बायकोला वाचून दाखवायचो, चहा पिता पिता. आज माझा स्वतःचा लिहितो आहे. तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

आमचं घर मनीषनगरला, दुसऱ्या मजल्यावर. मागची खोली माझ्या मुलीची, गौरीची. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि गेम खेळायचा तिचा मोठा कॉम्प्युटर इथेच राहिला. मागच्या मे महिन्यात मला सकाळची पाळी होती, साडेतीनला घरी पोचायचो. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. खिडकीला जाड पडदा, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या, खोलीत भर दुपारी अंधार. झोप यायची नाही. गौरीनं फोनवरूनच मला एक गेम शिकवला.

जुन्या काळातलं काल्पनिक राज्य. किल्ले, जंगलं, गावं. आपण एक पात्र घ्यायचं आणि त्या जगात फिरायचं. माणूस राहता येतं, व्हॅम्पायरही होता येतं. गौरी म्हणाली, बाबा, व्हॅम्पायर नका होऊ, उन्हात निघालं की जीव जातो. मी म्हटलं, मे महिन्यात अख्खं नागपूर व्हॅम्पायरच असतं. ती खूप हसली. तिला हसवायला मिळालं म्हणून मी व्हॅम्पायर झालो. सुरुवात एवढीच होती.

नियम साधे. उन्हात गेलं की जिवाची लाल पट्टी उतरत जाते. तहान वाढली की चेहरा भेसूर होतो आणि गावकरी अंगावर धावून येतात. तहान भागवायची तर झोपलेल्या माणसाजवळ जायचं, वाकायचं, एक बटण दाबायचं. शिवाय एक साथीदार मिळतो. तो आपलं ओझं वाहतो, शेकोटी पेटवतो, सांगू तिथे निजतो. त्याचं नाव आणि चेहरा आपण ठरवायचा.

मी नाव लिहिलं — मधु.

मधुभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, ती तोच बघतो. लहानपणी दुपारी ओसरीवर तो निजलेला असायचा आणि मी त्याला ओलांडून खेळायला पळायचो. आई आतून ओरडायची, "उलटा ओलांड, मेल्या!" निजलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, आयुष्य घटतं, आणि आल्या वाटेनं परत ओलांडलं की दोष जातो, असं आमच्याकडे मानतात. मी कधी परत ओलांडायचो, बहुतेक वेळा तसाच पळायचो. पुढे मी उंच झालो, भाऊ बुटका राहिला. कोणी नवा पाहुणा आला की भाऊ माझ्याकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, माझी उंची यानं नेली.

आई त्याच्याकडेच होती. शेवटचं दीड वर्ष ती अंथरुणावर होती आणि तिचं हगणंमुतणं भाऊनं आणि वहिनीनं काढलं. मी आधी दर रविवारी जायचो, मग महिन्यातून एकदा, मग नुसता फोन. आई गेली. तेरवीच्या पंगतीत एका मामानं मला विचारलं, शेवटी शेवटी तू दिसला नाही गा? मला उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भाऊनं वेळेवर नागपूरले आणली असती तर आई जगली असती."

ते खोटं होतं. आईला हलवू नका असं डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. भाऊ तेव्हा वरण वाढत होता. बादली घेऊन पुढच्या पानाकडे गेला. माझ्या पानात वरण वाढूनच गेला.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. ज्याचं आपण वाईट केलं त्याचाच राग येत राहतो, हे मला तेव्हा कळलं. त्या रागातच मी अर्धा तास बसून त्या साथीदाराचा चेहरा बनवला. बुटका, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशा, डाव्या भुवईवर जुनी चीर. हुबेहूब.

आमचा मुक्काम एका अरुंद गुहेत असायचा. मधुचं अंथरूण वाटेतच. मी त्याला ओलांडायचो, वाकायचो, प्यायचो आणि मागच्या भुयारानं निघून जायचो. पुन्हा त्या वाटेनं यायची गरज पडायची नाही. अनोळखी गावकऱ्याकडे जाण्यात धोका होता, तो जागा झाला तर गाव मागे लागायचं. मधु कधी जागा व्हायचा नाही. उठला की परत माझं ओझं पाठीवर घ्यायचा. मग मी तहान नसतानाही पिऊ लागलो. लिहायला लाज वाटते... पण मला बरं वाटायचं.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. एका दुपारी वहिनीचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "भाऊजी, तुमच्या भावाच्या अंगात रगतच नाही म्हणते डॉक्टर. चालता चालता बसून जाते. येऊन जा न एखांद्या दिवशी." मी म्हटलं, पाळी आहे, बघतो. फोन ठेवला. मनात एकदा गेममधलं ते पिणं आलं, नाही म्हणत नाही. पण मी स्वतःलाच हसलो. आणि त्या दुपारीही मी खेळलो. त्या दुपारीही प्यायलो. माझी खरी चूक कोणती असं कोणी विचारलं, तर मी ही सांगेन.

पुढच्या आठवड्यात नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. मी कामावरून आलो, गेम सुरू केला. मधु अंथरुणावर नव्हता. माझं सगळं ओझं गुहेच्या तोंडाशी नीट रचून ठेवलेलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मोकळ्या माळावर, जिथे एकही झाड नाही, तिथे तो उताणा निजला होता. मी 'इकडे ये'चं बटण दाबलं. या बटणाला तो नेहमी जागचा उठायचा. हलला नाही. मी बाहेर पडलो, पण सहा-सात पावलांत पट्टी जवळजवळ संपली आणि मला मागे फिरावं लागलं. सावलीत उभा राहून मी नुसता त्याच्याकडे बघत होतो. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

सव्वाचारला वहिनीचा फोन आला. भाऊ बागेत बेशुद्ध सापडला होता. आंब्याच्या दाट सावलीत त्याची बाज असते. ती बाज ओढत ओढत मोकळ्या जागेत नेलेली, आणि तो तिच्यावर उताणा. गड्याला दिसला तेव्हा पावणेचार वाजले होते... मी विचारलं नव्हतं, वहिनीनंच वेळ सांगितली.

त्याला नागपूरला आणलं. ऊन लागलं होतं आणि अंगात रक्त फार कमी. चार दिवस शुद्ध नव्हती. रक्त चढवायचं होतं, बदल्यात कोणीतरी द्यायचं होतं, मी दिलं. सुई टोचून नर्स म्हणाली, एकच पिशवी घेऊ काका, घाबरू नका. मी दुसरीकडे बघत राहिलो.

सहाव्या दिवशी तो बोलू लागला. वहिनी त्याला सारखं विचारायची, एवढ्या उन्हात बाज काहून ओढली? तो भिंतीकडे कूस बदलायचा. ती चहा आणायला खाली गेली तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.

"आंब्याखाली पडलो का कोणीतरी मले ओलांडून जाये. माहे डोळे उघडत नव्हते, पण पाय अंगावरून गेलेला समजे. उठलो का हातपाय गळून जात. रोज."

मी विचारलं, "कोण होतं?"

"कोण म्हणजे? जो एकदा ओलांडला का उलटा येत नाही, थोच. पण थो उन्हात येत नव्हता गा. सावलीतच ये. म्हणून बाज उन्हात नेली. म्हटलं, आता ये."

भाऊनं आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. मी व्हॅम्पायर होऊन खेळतो हे गौरी आणि माझी बायको सोडून कोणाला माहीत नव्हतं. मधु नावाचं तर त्या दोघींनाही नाही.

मी कारण शोधलं. तो माझा स्वभाव आहे, वर सांगितलंच. गौरी आली तेव्हा तिला सगळं दाखवलं. तिनं चार-पाच तास घालवले आणि म्हणाली, बाबा, साथीदार स्वतःहून ओझं खाली ठेवत नाही, तशी सोयच नाही यात. कदाचित बिघाड असेल. असेलही. रक्त कमी होण्याचं कारण डॉक्टरांनाही सापडलं नाही. पोटाच्या तपासण्या झाल्या, हाडांतला मगज तपासून झाला. वहिनीचा फोन, घड्याळातले पावणेचार, हा योगायोग म्हणून सोडता येतो. पण 'थो उन्हात येत नव्हता', हे मला कुठेच बसवता आलेलं नाही.

गौरी म्हणाली, पुसून टाकते सगळं. मी तिचा हात धरला. मधु अजून त्या माळावर पडलेला होता. पुसलं तर काय पुसलं जाईल, हे मला माहीत नाही. तो कॉम्प्युटर तसाच आहे, वायर काढून, वर चादर टाकून. बायकोला सांगून ठेवलं आहे की भंगारवाल्याला द्यायचा नाही.

भाऊ घरी गेला, पण पहिल्यासारखा झाला नाही. रक्त चढवलं की महिनाभर बरा असतो, मग पुन्हा उतरतं. बागेत एकटा जात नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी, एका रविवारी दुपारी, मी काटोलच्या बसमध्ये बसलो. भाऊ ओसरीवर बाजेवर पडला होता, डोळे मिटलेले. वहिनीनं मला पाहिलं आणि ती आत गेली. मी चपला काढल्या. बाजेच्या मागे भिंतीशी जेमतेम उभं राहण्याएवढी जागा होती, तिथे शिरलो. आता माझे गुडघे दुखतात. खांबाला धरलं, एक पाय उचलला आणि गुहेत बाहेरून आत ओलांडायचो, म्हणून आता भिंतीकडून अंगणाकडे, आल्या वाटेनं, भाऊला उलटं ओलांडलं.

अंगणात पाय टेकला तेव्हा त्यानं डोळे उघडलेले होते.

"कितीदा ओलांडलं होतं?" त्यानं विचारलं.

"मोजलं नाही भाऊ."

"मंग एकदा उलटं येऊन भागते का?"

मी त्याच्या पायाशी खाली बसलो. गेमचं सगळं सांगितलं — नाव, चेहरा, गुहा. त्याला त्यातलं किती कळलं ते मला सांगता येणार नाही. तो ओसरीच्या वाशांकडे बघत ऐकत होता. सांगून संपलं तरी खरी गोष्ट राहिलीच होती, आणि ती आम्हा दोघांना माहीत होती. वहिनी दारात येऊन उभी होती. तिलाही ऐकू जाईल असं मी म्हणालो,

"आईचं सारं तूच केलं गा भाऊ. म्या काहीच नाही केलं. तेरवीले जे बोललो थे खोटं होतं, आन् खोटं आहे हे मले तवाच माहीत होतं. मले माफ कर."